नाण्यावरचं रोम

रोमच्या फोरममध्ये पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला नेमकं काय पाहायचं ते लवकर उमगत नाही. इकडे तीन खांब, तिकडे आठ खांब, मध्ये गवतात विखुरलेले संगमरवराचे तुकडे, आणि वरून तळपतं ऊन. माहितीफलक वाचले की नावं कळतात, पण इमारत काही डोळ्यांपुढे उभी राहत नाही. ती उभी करायची असेल तर रोमन सोन्याच्या नाण्यांसारखा सोबती नाही. ज्यांनी या इमारती बांधल्या त्यांनीच त्या नाण्यांवर छापल्या. शिवाय आपली आई, बायको, मुलं, हरवलेले शत्रू आणि आवडते देव हेही छापले. म्हणून या वेळी रोमला निघताना मी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या नाण्यांची मोठी छायाचित्रं फोनमध्ये भरून घेतली. ज्या त्या जागेवर उभं राहून नाणं आणि समोरचे दगड ताडून पाहायचे, एवढाच बेत होता.

सुरुवात केली ती पालाझ्झो मास्सिमोपासून. तेर्मिनी रेल्वे स्टेशनाबाहेर पडून चौक ओलांडला की ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली भारदस्त इमारत लागते. एके काळी इथे जेझुइटांची शाळा होती, आज हे रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं एक मुख्य दालन आहे. बहुतेक लोक वरच्या मजल्यांवर जातात आणि त्यात चूक काही नाही. लिव्हियाच्या बंगल्यातली भित्तिचित्रं तिथे आहेत, दमून बसलेला ब्राँझचा मुष्टियोद्धा तिथे आहे. तळघरात मात्र गर्दी नसते. तिथे नाणी आहेत, रोमच्या प्रजासत्ताकापासून थेट आधुनिक इटलीपर्यंतची. काचेच्या कपाटांवर भिंगं बसवलेली आहेत. कळ दाबली की भिंग सरकतं आणि हव्या त्या नाण्यावर येऊन थांबतं. इटलीचा शेवटून दुसरा राजा व्हित्तोरियो एमान्युएले तिसरा हा नाण्यांचा नादिष्ट संग्राहक होता. १९४६ साली देश सोडताना त्याने आपला एक लाखाहून अधिक नाण्यांचा संग्रह राष्ट्राला दिला. त्याआधी फ्रान्चेस्को न्येक्की या अभ्यासकाचा रोमन नाण्यांचा संग्रह १९२३ मध्ये सरकारने विकत घेतला होता. या दोन संग्रहांमुळे हे तळघर इतकं भरलेलं आहे.

रोमन सोन्याचं नाणं म्हणजे ऑरियस. व्यास साधारण आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढा, पण हातात घेणाऱ्याला वजन लगेच जाणवावं असं. ज्युलियस सीझरच्या काळात एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम सोन्यातून, चाळीस ऑरियस पाडत. एकेक नाणं आठ ग्रॅमच्या आसपास आणि सोनं जवळजवळ शुद्ध. एका ऑरियसचे चांदीचे पंचवीस दिनारियस यायचे, किंवा पितळेचे शंभर सेस्टर्स. ऑगस्टसच्या सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाला २२५ दिनारियस पगार होता. म्हणजे वर्षभर ढाल-भाला वाहिल्यावर त्याच्या वाट्याला सोन्याची नऊ नाणी यायची, आणि त्यातूनही अन्न-वस्त्राचे पैसे कापले जायचे. सोन्यावरचं चित्र आधी कोणाच्या नजरेला पडणार हे यावरून कळतं. ते सैन्याचे अधिकारी, सिनेटर, मोठे व्यापारी आणि सम्राटाचे अंगरक्षक यांच्यासाठी होतं.

अंगरक्षकांचं उदाहरण तर या संग्रहालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेर्मिनीच्या ईशान्येला प्रिटोरियन गार्डांच्या छावणीच्या विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. २४ जानेवारी ४१ रोजी सम्राट कॅलिगुलाचा खून झाला तेव्हा राजवाड्यात लपून बसलेल्या क्लॉडियसला या सैनिकांनी शोधून काढलं, छावणीत नेलं आणि सम्राट केलं. त्याने त्यांना माणशी पंधरा हजार सेस्टर्स देण्याचं वचन दिलं, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. म्हणजे प्रत्येकी दीडशे ऑरियस. पुढे क्लॉडियसने सोन्याचं जे नाणं पाडलं त्याच्या मागच्या बाजूला हीच छावणी आहे: कमानी असलेली तटबंदी, आत उभा पहारेकरी, आणि सैन्याने सम्राटाचा स्वीकार केला अशा अर्थाची अक्षरं. गादी कोणामुळे मिळाली हे इतक्या उघडपणे सांगणारं दुसरं राजचिन्ह मला ठाऊक नाही. छावणीची भिंत आज रस्त्याच्या कडेला आहे, तिच्या अंगाने बस धावतात. नाण्यावरची तटबंदी तिच्याशेजारी धरून पाहिली की दोन्हींना एकदम अर्थ येतो.

क्लॉडियसनंतर आला नीरो, सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या कारकिर्दीची पहिली दोन वर्षं सोन्याच्या नाण्यांवरून जशी वाचता येतात तशी कुठल्याही इतिहासग्रंथातून येत नाहीत. इ.स. ५४ च्या अखेरच्या ऑरियसवर दोन चेहरे समोरासमोर आहेत, नीरो आणि त्याची आई अग्रिपिना. नाकासमोर नाक, जवळजवळ टेकलेलं. कडेने फिरणारी अक्षरं नीट पाहिली तर ती आईची आहेत: अग्रिपिना ऑगस्टा, दिवंगत क्लॉडियसची पत्नी, नीरोची माता. मुलाचं नाव आणि पदव्या मागच्या बाजूला गेल्या आहेत, ओकच्या पानांच्या हाराभोवती. रोमच्या सम्राटाच्या नाण्यावर दर्शनी बाजूचा मान आईला मिळाला होता. पुढच्याच वर्षी ठसा बदलला. आता दोन्ही चेहरे एकाच दिशेला पाहतात, नीरो पुढे आणि त्याच्यामागे अग्रिपिनाची नुसती कड दिसते. दर्शनी अक्षरं नीरोची झाली, आई मागच्या बाजूला ढकलली गेली. त्यानंतर ती सोन्यावरून नाहीशीच होते. इ.स. ५९ मध्ये नीरोने तिचा खून करवला. टॅसिटसने हा सगळा कौटुंबिक संघर्ष विस्ताराने लिहिला आहे, पण तो लिहीत होता पुढच्या शतकात. ठसा कोरणाऱ्या कारागिराला राजवाड्यातलं वजन कुणीकडे झुकलंय ते त्या-त्या महिन्यात ठाऊक होतं.

पुढच्या नाण्यांवर नीरोची मान जाड होत जाते, हनुवटीखाली मांस साठतं, केस कपाळावर पायऱ्यांसारखे रचलेले दिसतात. ते त्याने लपवलं नाही. ऑगस्टसचं नेमकं उलट. शहात्तराव्या वर्षी तो वारला तरी नाण्यावर तिशीतलाच राहिला. वरच्या मजल्यावर ऑगस्टसचा प्रसिद्ध पुतळा आहे, डोक्यावरून वस्त्र घेतलेला, मुख्य पुरोहिताच्या वेशातला. त्याचा चेहरा आणि नाण्यावरचा चेहरा एकमेकांशी जुळतात. चाळीसहून अधिक वर्षं एकच चेहरा सगळ्या साम्राज्यात फिरवणं हा त्या माणसाच्या राज्यकारभाराचाच भाग होता.

तळघरातली आणखी एक वस्तू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, जरी ती ऑरियसच्या काळानंतरची आहे. थिओडोरिक या गॉथ राजाचं हे सोन्याचं पदक. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळल्यावर इटलीवर राज्य करणारा हा माणूस. ते १८९४ मध्ये मोर्रो दाल्बा या गावाजवळ सापडलं. समोर तोंड केलेली राजाची अर्धाकृती, एका हातात पृथ्वीगोलावर उभी विजयदेवता, दुसरा हात उंचावलेला. सगळं रोमन सम्राटांच्या रीतीप्रमाणे. फक्त ओठांवर मिशी आहे. रोमन सम्राटांनी दाढी ठेवली, पण नुसती मिशी कधी नाही. पदकाला मागून टाचणी जोडलेली आहे, म्हणजे कोणीतरी ते अंगावर लावून मिरवत होतं. रोमन सोन्याची चित्रभाषा रोमन सत्तेनंतरही जिवंत राहिली, याचा हा पुरावा पंधरा ग्रॅमचा आहे.

फोरममध्ये शिरताना मी मुद्दाम ज्युलियस सीझरच्या मंदिरापाशी आधी गेलो. आता तिथे काँक्रीटचा एक ओबडधोबड गाभा उरला आहे आणि पुढे एक छपराखालची जागा, जिथे सीझरचं दहन झालं असं मानतात. लोक आजही तिथे फुलं ठेवतात. हे मंदिर लोकार्पण झालं इ.स.पू. २९ मध्ये, १८ ऑगस्टला. पण ऑक्टेव्हियनच्या, म्हणजे पुढच्या ऑगस्टसच्या, सोन्याच्या नाण्यावर ते इ.स.पू. ३६ मध्येच पुरं झालेलं आहे. खांब, आत सीझरचा पुतळा, शिखराखालच्या त्रिकोणात एक तारा, बाजूला पेटलेली वेदी. तारा म्हणजे इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या मृत्यूनंतर दिसलेला धूमकेतू, जो त्याचा आत्मा आहे असं लोक मानू लागले होते. मंदिराला अजून सात वर्षं होती, पण देवाचा पुत्र म्हणवून घेणाऱ्याला थांबायला वेळ नव्हता. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला तो स्वतः आहे, दत्तक पित्याच्या शोकात राखलेल्या दाढीसह.

या नाण्यावरून रोमन ठसेकारांची एक रीतही शिकता येते. मंदिराचे खांब नाण्यावर चार आहेत, प्रत्यक्षात दर्शनी बाजूला सहा होते असं अभ्यासक मानतात. आतली मूर्ती दिसावी म्हणून कारागीर मधले खांब काढून टाकायचे किंवा बाजूला सारायचे. खरं तर मूर्ती गाभाऱ्याच्या अंधारात असायची, नाण्यावर ती उंबऱ्यावर येऊन उभी राहते. त्यामुळे नाण्यावरचे खांब मोजून इमारत मोजायला जाऊ नये. कोणता देव, कोणत्या खुणा, शिखरावर काय, ते पाहावं.

सीझरच्या मारेकऱ्यांनीही सोनं पाडलं. ब्रूटसच्या नाण्यावर मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत, त्यांच्या मध्ये मुक्त केलेल्या गुलामाची टोपी, आणि खाली सीझरच्या खुनाच्या मार्चमधल्या दिवसाचं नाव. इ.स.पू. ४२ च्या आसपास, सैन्यासोबत फिरणाऱ्या टाकसाळीत पाडलेलं. सोन्यातली अशी तीनच नाणी आज माहीत आहेत. त्यातलं एक लिलावात विकलं गेल्यावर त्याची मालकीची कागदपत्रं खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. मला त्या नाण्यावरच्या खंजिरांपेक्षा दर्शनी बाजू जास्त अस्वस्थ करते. तिथे ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे. जिवंत रोमन माणसाने आपला चेहरा रोमच्या नाण्यावर घालणं हा सीझरने चालू केलेला राजेपणाचा प्रकार होता, आणि त्याला मारणाऱ्याने दोन वर्षांत तोच उचलला.

फोरमच्या मध्यावर व्हेस्टा देवीच्या गोल मंदिराचे तीन खांब दिसतात. १९३० मध्ये अल्फोन्सो बार्तोली या पुरातत्त्वज्ञाने ते पुन्हा उभे केले. इ.स. ६४ च्या भीषण आगीनंतर नीरोने पाडलेल्या ऑरियसवर हे मंदिर संपूर्ण आहे: घुमटाचं छप्पर, सहा खांब, आत बसलेली देवी. तीन खांबांवरून गोल कसा पुरा करायचा ते नाणं बघितल्यावर डोळ्यांना आपोआप जमतं. त्याच आगीनंतर जळलेलं शहर उभारायला पैसा हवा होता म्हणून नीरोने ऑरियसचं वजनही कमी केलं आणि एका पौंडातून पंचेचाळीस नाणी पाडायला सुरुवात केली. मंदिर दिमाखात झळकत होतं त्या नाण्यातलं सोनं आधीपेक्षा कमी होतं.

जानस देवाच्या मंदिराचा तर आज फोरममध्ये मागमूस नाही. सिनेटच्या इमारतीजवळ कुठेतरी ते होतं. युद्ध चालू असेल तेव्हा त्याची दारं उघडी ठेवायची आणि सगळीकडे शांतता नांदली की बंद करायची, असा रिवाज. ते कसं दिसायचं हे आपल्याला कळतं ते नीरोच्या नाण्यांमुळे. चौकोनी, ठेंगणी वास्तू, दगडी भिंत, वर जाळीची खिडकी, आणि घट्ट मिटलेली दुपाखी दारं, त्यांच्यावर पानांचा हार. कडेने लिहिलं आहे की रोमन जनतेला जमिनीवर आणि समुद्रावर शांती मिळाल्याने त्याने जानसची दारं लावली. इ.स. ६६ मध्ये आर्मेनियाचा तिरिदातेस रोमला येऊन नीरोच्या हातून मुकुट घेऊन गेला, त्या वातावरणातली ही घोषणा. त्याच वर्षी ज्यूडियात बंड पेटलं. ते मोडून काढणाऱ्या व्हेस्पेसियनने सम्राट झाल्यावर जे सोनं पाडलं त्यावर विजयचिन्हाखाली बसून शोक करणारी एक स्त्री आहे, ती म्हणजे ज्यूडिया. फोरमच्या दुसऱ्या टोकाला टायटसच्या कमानीत जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेला सात फांद्यांचा दीपवृक्ष वाहून नेणारे सैनिक कोरले आहेत. कमान आणि नाणं दोन्ही जिंकणाऱ्याने कोरवली, पण शोकाचा चेहरा नाण्यावरच आहे.

फोरममधली मला सर्वांत आवडलेली वास्तू म्हणजे अँटोनिनस आणि फॉस्टिनाचं मंदिर. सतरा मीटर उंचीचे अखंड दगडी खांब जागच्या जागी आहेत, आणि त्यांच्या आत सतराव्या शतकातला चर्चचा दर्शनी भाग. चर्चचं हिरवं दार जमिनीपासून बरंच वर अधांतरी आहे, कारण ते बसवलं तेव्हा फोरमची माती तिथवर चढलेली होती. सम्राट अँटोनिनस पायसची पत्नी फॉस्टिना वारल्यावर इ.स. १४१ मध्ये हे तिच्या नावाने बांधायला घेतलं. त्यानंतर अँटोनिनसने तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली ती थेट स्वतःच्या मरणापर्यंत, वीस वर्षं. केस वेण्या घालून डोक्याच्या माथ्यावर अंबाड्यासारखे गुंडाळलेले, मोत्यांच्या सरी मधून गेलेल्या. मागच्या बाजूला कधी हे सहा खांबांचं मंदिर, कधी अनंततेची देवता, कधी मोर. एका सोन्याच्या नाण्यावर अँटोनिनस मुलींना आश्रय देताना दिसतो. फॉस्टिनाच्या नावाने गरीब मुलींच्या पालनपोषणाचा निधी त्याने सुरू केला होता, त्याचं हे चित्र. सम्राटांच्या नाण्यांवर नेहमी हिशेब असतो, इथेही असेल. तरी वीस वर्षं एका मृत स्त्रीचा चेहरा चलनात ठेवण्यात मला हिशेबापलीकडचं काही दिसतं, आणि ते मी मोकळेपणाने मानतो.

सम्राट ट्राजनचा फोरम रस्त्याच्या पलीकडे आहे. मधला रुंद रस्ता १९३२ मध्ये मुसोलिनीने थेट प्राचीन चौकांवरून काढला. त्याच्या आजूबाजूची जुनी वस्ती पाडली जात असताना १९३३ मध्ये व्हिया आलेस्सान्द्रिनावरच्या एका घराच्या भिंतीतून सोन्याची नाणी आणि दागिने बाहेर पडले. ते घर फ्रान्चेस्को मार्तिनेत्ती या पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्याचं होतं. तो कधीच वारला होता आणि लपवलेलं सोनं तसंच राहिलं होतं. आज तो ठेवा कॅपिटोलिन संग्रहालयाच्या नाणेदालनात आहे.

ट्राजनचा स्तंभ मात्र जागेवर आहे. इ.स. ११३ मध्ये उभारलेला, डेशियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियाच्या, दोन युद्धांची कथा सर्पिलासारखी वर चढत जाते. नाण्यांवर स्तंभाच्या माथ्यावर ट्राजनचा पुतळा आहे. आज तिथे सेंट पीटर आहे, १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचवा याने चढवलेला. ट्राजनच्या सोन्यावर या फोरमचं प्रवेशद्वारही आहे: खांबांमधल्या कोनाड्यांत पुतळे, मधोमध कमान, माथ्यावर सहा घोड्यांचा विजयरथ, आणि खाली फोरमचं नाव. ते द्वार आता नाही. डेशियाच्या सोन्याने ही वैभवाची जागा उभी राहिली आणि तिचं चित्रही सोन्यावरच उमटलं. त्याच माळेतल्या नाण्यांवर हरलेला डेशियन माणूस शस्त्रांच्या ढिगावर हात मागे बांधून बसलेला आहे.

कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी सेप्टिमियस सेव्हेरसची कमान आहे, इ.स. २०३ मधली. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. कमानीवरचा मोठा लेख वाचताना चौथ्या ओळीपाशी नजर अडखळते. त्या ओळीतली अक्षरं मुळातली नाहीत. पूर्वी तिथे सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचं, गेटाचं नाव होतं. २११ मध्ये बाप वारला, आणि वर्ष संपेपर्यंत थोरल्या काराकालाने गेटाला आई ज्युलिया डोम्नाच्या कुशीतच मारवलं. मग साम्राज्यभर गेटाचं नाव आणि चेहरा पुसण्याचा हुकूम निघाला. कमानीवरची ब्राँझची अक्षरं काढून तिथे बापलेकांच्या स्तुतीचे शब्द बसवले. जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं मात्र दगडात राहिली आणि त्यांवरूनच मूळ नाव वाचता आलं.

आता याच घरातलं एक ऑरियस पाहा, २०१ च्या सुमाराचं. एका बाजूला सेव्हेरस. दुसऱ्या बाजूला मधोमध ज्युलिया डोम्ना, समोर तोंड केलेली, तिच्या दोन्ही अंगांना तिच्याकडे वळलेले दोन मुलगे, काराकाला आणि गेटा. वर लिहिलेलं आहे: युगाचं सुख. आईचा चेहरा समोरून दाखवणं हे रोमन नाण्यांत फार विरळा, सगळे बाजूने दिसतात. इथे ती थेट आपल्याकडे पाहते. इतिहासकार कॅशियस डिओ त्या काळात रोममध्ये होता. तो लिहितो की काराकालाने गेटाचा चेहरा असलेली नाणी वितळवली. पण नाणं एकदा टाकसाळीतून बाहेर पडलं की हजारो हातांत जातं. कोणी ते मडक्यात पुरलं, कोणी सीमेपलीकडे नेलं. म्हणून गेटा दगडावर नाही, पण सोन्यावर आहे, आई आणि भावासोबत, दहा वर्षांनी काय होणार याची सुतराम कल्पना नसलेला.

सीमेपलीकडे सोनं किती गेलं याचा हिशेब प्लिनीने मांडला आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला हा लेखक म्हणतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ऑरियसमध्ये सांगायचं तर पाच लाख नाणी. आकडा चढवलेला असेल, पण मिरी, मोती आणि मलमल यांची ओढ खरी होती. टायटसच्या कमानीजवळ मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकाच्या तीन प्रचंड कमानी आहेत, तिच्याखाली डोमिशियनच्या काळातली मसाल्यांची कोठारं होती. तिथून निघालेली वाट इजिप्त, तांबडा समुद्र आणि मोसमी वारे धरून आपल्या किनाऱ्याला लागते. पहिल्या शतकातलं एका ग्रीक खलाशाचं प्रवासपुस्तक 'पेरिप्लस' सांगतं की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी नेली तर तिथल्या चलनात बदलून नफा मिळतो. भडोचला माल येतो तो पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून. कल्याणचंही नाव त्यात आहे. तेरला उत्खननात रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या, गळ्यात अडकवायला वर कडी असलेल्या. सोनं परवडत नसेल त्याने मातीत सम्राट घालावा, इतका त्या नाण्याचा रुबाब होता. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आपल्या समाजाला नाणं अंगावर मिरवण्याचं वेगळं काय सांगायचं!

दक्षिणेत तर निधीच्या निधी सापडले. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईजवळ ५०१ ऑरियस एकत्र मिळाले. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव आहे. कोणीतरी एकेक नाणं घेऊन नीट, मुद्दाम चेहरा कापला. हे सोनं चलन म्हणून परत फिरू नये, नुसत्या धातूच्या भावाने तोललं जावं, यासाठी ते केलं असावं, असं अभ्यासकांचं मत आहे. एवढ्या दूरवर पोचल्यावर ऑगस्टसचा तो कधीही म्हातारा न होणारा चेहरा सोनाराच्या ऐरणीवर नुसतं सोनं झाला. भारतात सर्वाधिक सापडणारी ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी रोममध्ये पाडलेलीही नव्हती. ती गॉलमधल्या ल्यों शहरातल्या टाकसाळीची.

रोमची टाकसाळ पुढे कुठे होती ते पाहायला कोलोसियमवरून थोडं चालत सान क्लेमेन्ते चर्चला गेलो. इथे वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारती. आयरिश धर्मगुरू जोसेफ मलूली याने १८५७ मध्ये खोदकाम सुरू केलं आणि हे थर उघडले. सगळ्यात खालच्या थरात मिथ्र देवाची अंधारी पूजाखोली आहे, तिच्याशेजारी टफा दगडाच्या अजस्र चिऱ्यांनी बांधलेली, एकसारख्या लहान खोल्यांची एक भक्कम इमारत. पूर्वी टाकसाळ कॅपिटोल टेकडीवर जूनो देवीच्या मंदिराजवळ होती. इ.स. ८० च्या आगीत टेकडी जळाली, आणि त्यानंतर टाकसाळ या भागात आली. ही इमारत तीच असावी असं काही पुरातत्त्वज्ञ मानतात. बांधणी पाहिली तर त्यांचं म्हणणं पटतं. एवढ्या जाड भिंती, एवढी कमी दारं, धान्यासाठी कोणी बांधत नाही.

टाकसाळ इथे जवळपास होती याला भक्कम आधार आहे तो परिसरात सापडलेल्या शिलालेखांचा. तारीख आहे २८ जानेवारी ११५, ट्राजनच्या राज्यारोहणाचा दिवस. टाकसाळीतल्या कामगारांनी देवांना अर्पण केलेले हे लेख: अपोलोला, भाग्यदेवतेला, विजयदेवतेला, हर्क्युलिसला. त्यांत कामांची नावं आहेत. ठशाची जबाबदारी असलेले, दोन ठशांच्या मध्ये तापलेली सोन्याची चकती ठेवणारे, हातोडा मारणारे. एकाने चकती ठेवायची, दुसऱ्याने घाव घालायचा. चुकला तर चित्र सरकायचं, आणि भिंगाखाली अशी सरकलेली नाणी पालाझ्झो मास्सिमोत पुष्कळ दिसतात. हातोडेकऱ्यांनी हर्क्युलिसची निवड केली ती का, ते सांगायला नको. नावांच्या याद्या लांब आहेत. त्यात बरेच जण मुक्त केलेले गुलाम, बाकीचे अजून गुलामच. ट्राजनच्या फोरमचं प्रवेशद्वार सोन्यावर उमटलं ते याच माणसांच्या हातून, याच वर्षांत.

सिसिलीतल्या सिराक्यूजच्या ग्रीक ठसेकारांनी, किमोन आणि युआयनेतोस यांनी, रोमच्या साम्राज्याआधी काही शतकं आपल्या नाण्यांवर बारीक अक्षरांत सह्या केल्या होत्या. सम्राटांच्या सोन्यावर अशी सही सापडत नाही. ज्या हाताने अग्रिपिनाला नीरोच्या मागे सारलं, ज्याने डोम्नाला समोरून कोरलं, त्या हातांची नावं आपल्याकडे नाहीत. ११५ च्या लेखांमुळे निदान हातोडा धरणाऱ्यांची आहेत, आणि त्यांच्या वर फेलिक्स नावाच्या एका मुक्त गुलामाचं. सोनं, चांदी आणि तांबं या तिन्हींचा हिशेब त्याच्या जबाबदारीवर होता.